सहाला ये, पिन टाकून देतो

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर सोडतो. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही, हे शपथेवर सांगतो.

भुताच्या गोष्टीत अमावस्या लागते, मध्यरात्र लागते, पिंपळाचं झाड लागतं. इथं त्यातलं काहीच नाही. जे झालं ते संध्याकाळी सहाला, लख्ख उजेडात, चांदवडहून देवळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर झालं. बाजूनं गाड्यांची ये-जा चालू असताना.

आणि ज्याच्या बाबतीत झालं, तो माझा सख्खा मामा आहे.

मामाचं नाव झुंबर. आख्खं गाव त्याला झुंबरनाना म्हणतं. चाळीस वर्षं ट्रॅक्टरचा मिस्त्री. एका शटरचं गॅरेज आणि पुढं मातीचं अंगण, एवढाच त्याचा कारभार. हाताला गुण होता, पण जीभ जरा घाईची. कुणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर.

"झालं. जा बिनधास्त."

आम्ही भाचे त्याची नक्कल करायचो. आता कुणी करत नाही.

तारीख ११ मे २०२३. गुरुवार.

दुपारी एकच्या सुमारास यादव ट्रॅक्टर घेऊन आला. शेजारच्या वस्तीवरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचं स्टेअरिंग वीतभर फिरायचं तरी चाकाला पत्ता नसायचा. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कांद्याची ट्रॉली भरून उमराण्याच्या बाजारात जायचं होतं.

मामा गोणपाट अंथरून पुढच्या चाकांमध्ये आडवा झाला.

"काय गेलंय नाना?"

"टाय रॉडचा बॉल जॉइंट संपलाय तुझा. नशीब समज, रस्त्यात सुटला नाय."

टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडून ठेवणारी सळई. तिच्या टोकाचा जॉइंट सुटला की दोन चाकं दोन दिशांना जातात. मग वर बसलेल्या माणसाच्या हातात नुसतं गोल चाक उरतं.

मामानं नवा जॉइंट बसवला. नट आवळला.

आता राहिली पिन. बोटाच्या पेराएवढी, दोन पायांची. नटातून आरपार घालायची आणि पाय वाकवायचे. मग कितीही हादरे बसोत, नट फिरत नाही.

मामानं पिनांचा डबा जमिनीवर उपडा केला. त्या मापाची एकही नव्हती.

चांदवडला जाऊन आणायची म्हणजे पाऊण तास गेला असता. मामाला तीनला निघायचं होतं. सटाण्याला साडूच्या मुलीची हळद होती आणि कुसामामी केव्हाची नेसून तयार बसली होती.

मग मामानं तेच केलं, जे घाईत कुठलाही मिस्त्री करतो. भोकातून बांधकामाची तार ओवली आणि पक्कडीनं पिळली.

"सध्या तार टाकलीय. सहाला ये, पिन टाकून देतो."

"नक्की ना नाना? पहाटंच निघायचंय मला."

"ये रे. मी कुठं पळून चाललोय का?"

हे बोलताना मामाला हळद आठवत होती. हे त्यानंच मला सांगितलंय. विसरला वगैरे काही नव्हता. पाचपर्यंत परत येऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण हळदीला गेलेला माणूस पाचला परत आलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

सव्वासहाला मामा डीजेसमोर होता. तोंड हळदीनं माखलेलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि त्याच क्षणी त्याला यादव आठवला.

यादवचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता.

एक फोन करायचा होता. 'शटर बंद आहे, उद्या पिन टाकल्याशिवाय ट्रॉली जोडू नको.' एवढंच सांगायचं होतं.

मामानं मोबाइल खिशात ठेवला. म्हणाला, तार आहे की. एक दिवस निघतो.

त्या रात्री तो सटाण्यालाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला मामा-मामी एसटीतून उतरले, तेव्हा रस्त्याला माणसंच माणसं. ओढ्याच्या पुलाखाली ट्रॉली उलटली होती. सगळीकडं कांदा पसरला होता.

यादवला वर काढून नेलं होतं. तो आधीच गेला होता.

क्रेननं ट्रॅक्टर वर उचलला. गर्दी त्याच्या चेपलेल्या बॉनेटकडं बघत होती. मामा एकटाच पुढच्या चाकांकडं बघत होता.

एक चाक ओढ्याकडं वळलेलं. दुसरं बरोबर उलट दिशेला.

नट गायब. तारही गायब.

पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारानं मामाला हाक मारली. "मिस्त्री, हे सुटल्यामुळं गाडी पडली, का पडल्यामुळं हे सुटलं?"

सगळे मामाकडं बघायला लागले.

मामा म्हणाला, "पडल्यामुळं सुटलंय."

झालं. मिस्त्रीचा शब्द. कागदावर आला, गावभर झाला. मग दुसरं कारण शोधायला वेळ कितीसा लागतो? यादव रात्रभर कांदा भरत होता, त्याला डुलकी लागली. कुणी म्हणालं घेतली असेल थोडी. जो माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता, त्याच्याबद्दल हे बोलले लोक.

मातीला मामा गेला होता. यादवची बायको लताबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"चारला मीच उठवलं त्यांना. अजून घटकाभर झोपू दिलं असतं तर..."

मामा चार हातांवर उभा होता. तोंड उघडलं असतं तर त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं.

त्यानं नाही उघडलं.

चार दिवसांनी मामानं शटर उघडलं. काम होतंच. सीझन कुणासाठी थांबत नाही.

संध्याकाळी तो आत हात धूत होता. आणि बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला...

आवाज जवळ आला. अंगणात शिरला. शटरसमोर येऊन बंद पडला.

"आलो रे," म्हणत मामा बाहेर आला.

अंगण रिकामं होतं.

समोर टपरीवाला चहा गाळत होता. "आत्ता कोण आलं होतं?" मामानं विचारलं. "कोणीच नाय नाना," तो म्हणाला.

मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ट्रॅक्टर यायचा, थांबायचा, आणि बाहेर कुणी नसायचं.

मग एक नवीनच सुरू झालं.

मामा रोज रात्री आपलं गोणपाट झटकून, घडी करून आत ठेवायचा. कुलूप स्वतः लावायचा. सकाळी येऊन बघावं तर...

गोणपाट अंगणात अंथरलेलं.

कुलूप जसंच्या तसं. गोणपाटावर माणसाच्या पाठीएवढा खळगा पडलेला. कुणीतरी बराच वेळ उताणं पडून काम करून गेल्यासारखा.

मामाची खात्रीच झाली. यादव येतोय. त्याला सहाला बोलावलं होतं, म्हणून सहाला येतोय. बिचारा अजून पिनेसाठी खेटे घालतोय.

मामा चांदवडला गेला आणि त्या मापाच्या पिनांचं आख्खं पाकीट घेऊन आला. जे त्या दिवशी पाऊण तासात झालं असतं, ते करायला त्याला पंधरा दिवस लागले. सहाला त्यानं एक पिन गोणपाटावर ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "यादव, घे बाबा. आणि माफ कर मला."

आवाज आला. थांबला.

मग गोणपाटाच्या बाजूनं हळू आवाज यायला लागला. टक... टक... टक...

हातोडीनं कुणीतरी बारीक काहीतरी ठोकत होतं.

मामा शटरच्या आत भिंतीला पाठ लावून बसून राहिला. सकाळी पाहिलं तर पिन होती तिथंच होती. कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

म्हणजे जो येत होता, त्याला पिन नकोच होती.

मामाचं जेवण तुटलं. रात्री उठून बसायचा. शेवटी एक दिवस मामीनं त्याच्यापुढचं ताट बाजूला सरकवलं.

"काय केलंय तुम्ही?"

मामानं सगळं सांगितलं. तार, हळद, न केलेला फोन, हवालदाराला दिलेलं उत्तर.

मामीनं ते ताट उचलून आत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिचा नवरा गेला तिला सांगा. ती सोताला मारून घेतीय तिकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा लताबाईच्या दारात उभा राहिला. ती ओट्यावर बसून कांदा निवडत होती. दहा-बारा वर्षांची मुलगी आत भांडी घासत होती.

"या नाना. बसा."

मामा बसला नाही.

"ताई, यादवला डुलकी नव्हती लागली. मी खोटं बोललो. पुलावर यायच्या आधीच जॉइंट सुटला होता. मी पिन टाकली नव्हती. नुसती तार पिळली होती."

लताबाईचा हात थांबला.

"झोप नव्हती लागली त्यांना?"

"नाय. जागा होता तो. स्टेअरिंग फिरवलं असंल त्यानं, पण चाकंच ऐकत नव्हती. त्याची काय चूक नाय. तुमची तर नायच नाय."

तेव्हा ती रडली. मामा सांगतो, मातीच्या दिवशी ती अशी रडली नव्हती. किती तरी वेळ पदर तोंडात धरून रडली. मामा उन्हात उभा राहिला. ती शिव्या देईल, दगड मारेल, जे करेल ते सोसायचं, हे ठरवूनच तो आला होता.

लताबाईनं डोळे पुसले. मामाकडं पाहिलं. आणि म्हणाली...

"पण नाना, पिन तर टाकली की तुम्ही. मी होते ना तिथं."

"कुठं?"

"गॅरेजला. त्याच दिवशी, सहाला. मी बरोबरच होते त्यांच्या, दळण आणायचं होतं म्हणून."

मामाला वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय.

"ताई, मी सटाण्याला होतो. शटर बंद होतं."

"शटर बंदच होतं. तुम्ही बाहेर गोणपाटावर पडलेले होते. ह्यांनी म्हटलं, नाना हायेत, चला बरं झालं. तुम्ही हातानंच खुणावलं, गाडी वर घे म्हणून. ह्यांनी तुमच्या अंगावरनं गाडी पुढं घेतली. चाकं दोन्ही बाजूला, तुम्ही मधी. मला भीतीच वाटली बघा."

"तोंड बघितलं माझं?"

ती विचार करायला लागली.

"तोंड... नाय. गाडीखाली होते ना तुम्ही. पण आवाज तुमचाच. ह्यांनी विचारलं, नाना पिन टाकली का? तुम्ही म्हणाले, झालं, जा बिनधास्त."

 आता मामा बसला. ओट्यावर नाही, खाली मातीत.

"मग आम्ही गाडी मागं घेतली," लताबाई सांगत होती. "तरी तुम्ही तसेच पडलेले, उताणे. मान पलीकडं केलेली. मी म्हटलं, नाना, उठा की आता. दिवस मावळायला आला."

"मग?"

"तुम्ही म्हणाले, अजून एक यायचाय."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मुलगी दाराशी येऊन उभी होती.

मामानं मोबाइल काढला. हळदीचा फोटो दाखवला. डीजे, मांडव, पिवळं तोंड. फोटोवर वेळ होती, सहा वाजून चौदा मिनिटं.

लताबाईनं तो बघितला. मग ती उठून आत गेली आणि काहीतरी मुठीत घेऊन आली.

"तुम्ही ही खालनं काढून फेकली होती. बांधायला होईल म्हणून मी उचलून आणली."

तिच्या तळहातावर तार होती. डावीकडं अडीच पीळ दिलेली. असा पीळ त्या रस्त्यावर फक्त मामा देतो, कारण त्याच्या उजव्या मनगटात जुनं दुखणं आहे.

कदाचित तारेनं उमराण्यापर्यंत नट धरलाही असता. पण सकाळी तार नटात नव्हतीच. आदल्या दिवशी सहालाच कुणीतरी ती काढून घेतली होती.

लताबाई मुलीला घेऊन आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. भर दुपारी.

त्यानंतर मामानं चौकीत जाऊन जबाब बदलून दिला. मारुतीच्या पारावर चार माणसांत उभा राहून सांगितलं, की यादव झोपला नव्हता, प्यायला नव्हता, चूक माझी आहे. गाडीखाली कोण होतं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. ते ऐकून लोकांनी त्याला सुटका दिली असती. मामाला सुटका नको होती.

मी त्याला म्हटलं, "मामा, तार तू नाही काढलीस. मग तुझा काय दोष?"

तो एकदम भडकला. "रविराज, शहाणपणा शिकवू नको. मी दारात असतो तर त्याला तिथं पडायला जागा मिळाली नसती. कोण का असंना तो. शब्द माझेच होते ना? चाळीस वर्षं न बघता लोकांना म्हणालोय मी, जा बिनधास्त."

 

मामानं अवजारं विकून टाकली. शटरला कुलूप घातलं आणि त्यावर वेल्डिंग मारून घेतलं. गोणपाट जाळलं. एक-दीड वर्ष काहीच झालं नाही. आम्हाला वाटलं, संपलं.

या वर्षी मार्चमध्ये मी देवळ्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी मनोज नावाचा शेतकरी होता. गप्पांत मामाचं नाव निघालं.

"झुंबरनाना तुमचे मामा का? लय कष्टाळू माणूस. एवढ्या वयात अजून गाडीखाली पडतात. सोमवारीच माझा स्टेअरिंगचा जॉइंट बदलला त्यांनी."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"किती वाजता?"

"सहा वाजले असतील. शटर बंद होतं, पण ते बाहेरच होते. चहा विचारला तर नको म्हणाले. उठलेसुद्धा नाय."

मी तिथूनच मामाला फोन लावला. वाटलं होतं घाबरेल, ओरडेल. त्यानं एवढंच विचारलं.

"गाडी कुठंय त्याची?"

तासाभरात तो मनोजच्या खळ्यावर हजर होता. बासष्ट वर्षांचा माणूस धोतरानिशी ट्रॅक्टरखाली शिरला. मी मोबाइलचा उजेड धरला.

जॉइंट नवा कोरा होता. नट बसवलेला होता. पण बोटानं फिरत होता.

पिनेचं भोक रिकामं होतं.

मनोज त्याच दिवशी दुपारी ट्रॉली घेऊन निघणार होता.

मामानं खिशातून पिनांचं पाकीट काढलं. पिन घातली, पाय वाकवले, पुन्हा पुन्हा ओढून बघितली. मनोजनं विचारलं, "झालं का नाना?" मामानं उत्तर दिलं नाही. त्यालाच खाली बोलावलं, स्वतःच्या हातानं पिन ओढून बघायला लावली, आणि मगच बाहेर आला.

त्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी बंद गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसतो. पाच ते आठ. नेमकं गोणपाट असायचं त्या जागेवर. कुणी ट्रॅक्टर वळवला की सांगतो, इथं काम बंद हाय, चांदवडला जा. लोक त्याला येडा म्हणतात. तो बसला असला की काही होत नाही. आवाजसुद्धा येत नाही.

पण गेल्या महिन्यात त्याला ताप भरला. बारा आणि तेरा तारखेला चांदवडला दवाखान्यात सलाईनवर होता. मामी त्याच्याजवळ. मी नाशिकला कंपनीत, मला निरोप चौदाला मिळाला. त्या दोन संध्याकाळी खुर्चीवर कुणीच नव्हतं.

चौदाला मी गॅरेजवर गेलो. अंगणातल्या धुळीत ट्रॅक्टरच्या चाकांचे माग होते. आत आलेले आणि बाहेर गेलेलेही.

एक नाही. तीन.

टपरीवाल्यानं काही पाहिलं नाही. मामा अंगात कणकण असताना आठवडाभर गावोगाव फिरला, दिसेल त्या ट्रॅक्टरखाली वाकून बघत. त्यातले दोन सापडले. दोन्ही भोकं रिकामी होती.

तिसरा अजून सापडलेला नाही. म्हणून हे मी इथं लिहितोय.

तुम्ही चांदवड, देवळा, उमराण्याच्या बाजूचे असाल, आणि बारा-तेरा तारखेला संध्याकाळी बंद शटरसमोर स्टेअरिंगचं काम करून घेतलं असेल, तर कृपा करून आज ट्रॅक्टर चालू करू नका. आधी खाली वाकून बघा.